लाल रेघेच्या अलीकडे

देवाने जग घडवले तेव्हा त्यावर रेघा ओढल्या नव्हत्या. डोंगर उभे केले, नद्या सोडल्या, वारा मोकळा ठेवला आणि लेकरांना सांगितले, नांदा. रेघा माणसांनी ओढल्या. ओढल्या त्या ओढल्या. पण त्या राखायला आयांना आपली लेकरे द्यावी लागली. येरवड्याच्या मुक्ताबाईने एक दिले. तिच्यापाशी एकच होते.

मुळामुठेच्या काठाला, तुरुंगाच्या दगडी भिंतीच्या अलीकडे, तिचे रान होते. नवरा सोनबा गेला तेव्हा लेक गेनबा नुकता पाळण्यातून खाली उतरला होता. धाकट्या दिराने, सर्जेरावाने, नांगर धरला. मुक्ताबाईने खुरपे धरले. आणि त्या दोघांच्या घामावर गेनू वाढला. वाढला, उंच झाला, पलटणीत भरती झाला. रजेवर आला तेव्हा शकूशी त्याचे लग्न लागले. नवरीच्या अंगावरची हळद उतरते न उतरते तोच रजा संपली. आणि बासष्ट सालची दिवाळी सरल्यावर तार आली. वाचणाऱ्याने वाचून दाखवली: गेनबा नेफा भागात शत्रूशी लढताना बेपत्ता.

"बेपत्ता म्हंजी?" मुक्ताबाईने विचारले.

"म्हणजे पत्ता लागत नाही."

"आन् मग ह्ये नेफा काय हाय? पत्ताच की."

वाचणाऱ्याने तारेची घडी घालून ती तिच्या हातात दिली. पुढच्या वर्षी पकडलेले जवान सुटून आले. त्यांतला एक, सातारच्या अंगाचा, मुद्दाम येरवड्याला येऊन गेला. भाकरी पुढ्यात घेऊन बसला आणि न जेवता बोलला. तवांग म्हणून गाव आहे, त्याच्या खालच्या अंगाला सेलाची खिंड आहे, तिथे बर्फात गेनबाला शेवटचे पाहिले. नंतर पाहिले नाही. तो गेला, आणि मुक्ताबाईच्या घरात काळ थांबला.

थांबला म्हणजे कसा थांबला? गहू पिकत होता, गुरे वीत होती, पोरे लग्नाची होत होती. पण शकूच्या कपाळावरचे कुंकू हे लावायचे कुंकू आहे की पुसायचे, हे कुणाला सांगता येत नव्हते. हळदीकुंकवाला तिला बोलवावे की न बोलवावे, यावर बायका दारातच घुटमळत. ती पोर कुणाला दोष न देता मागच्या मागे परत यायची आणि गोठ्यात जाऊन शेण उचलायची.

शास्त्र असे सांगते, आणि गावकी तसे पाळते, की हरवलेल्या माणसाची वाट बारा वर्षे पाहावी. बारा वर्षे सरली की पळसाच्या पानांचा देह करावा, त्याला त्या माणसाचे नाव द्यावे आणि अग्नी द्यावा. म्हणजे तो जीव मोकळा आणि मागे राहिलेलीही मोकळी. चौऱ्याहत्तरची दिवाळी उलटली आणि सर्जेराव ओट्यावर येऊन बसला.

"वैनी, आता इधी करून टाकू."

"कुणाचा?"

"असं नका इचारू. मी त्याला खांद्यावर बसवून जत्रा दावलीया. मला काय हौस हाय व्हय? पर शकू तिशीला आली. तिच्या भावाचा निरोप हाय, पोरीला मोकळी करा, दुसरं घर बघतो. आन् तुमच्या शब्दाबिगर मी काय पळसाचं पान तोडणार न्हाई."

होय म्हणावे, तर आईच्या तोंडाने लेकाला मारायचे. नाही म्हणावे, तर जित्या पोरीला जन्मभर उंबऱ्यावर उभी ठेवायची. अखेर मुक्ताबाई म्हणाली, "जिथं माझा गेनू ऱ्हायला ती जागा मला दावा. जागा बघितल्याबिगर मी व्हय म्हणणार न्हाई."

जागा दाखवायची कशी? सर्जेरावाने शाळेच्या पुस्तकातला नकाशा आणला. सगळ्यांनी मिळून शोधला. त्यात नेफा नव्हते! हिंदुस्थान होता, त्याची राज्ये होती, पण तारेत लिहिलेले ते नाव कुठेच नव्हते. लेक हरवला हे तिने सोसले होते. लेक ज्या मुलखात हरवला तो मुलूखच हरवावा, हे तिला सोसेना.

भाजीची पाटी घेऊन ती मंडईला जायची. तिथले अडते अमीनभाई ओळखीचे. त्यांच्या पोरांना भूगोल शिकवायला कसबा पेठेतले आप्पासाहेब होते. शाळेतून निवृत्त झालेले, पण शिकवण्या चालू. अमीनभाईंनी पत्ता सांगितला आणि वर बजावले, "मावशी, माणूस सोन्यासारखा आहे. बोलणं मात्र चिंचेसारखं. मनावर घेऊ नका."

तांबटांच्या आळीला लागून, माडीवरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर तांब्यावर हातोडे पडायचे. दारावर पाटी होती: नकाशास बोट लावू नये. काठी मागून घ्यावी. मुक्ताबाईला ती वाचता आली नाही, म्हणून तिने आत शिरताच भिंतीवरच्या नकाशाला पहिल्यांदा बोट लावले.

"बोट," आप्पासाहेब म्हणाले.

"हां, बोट. नेफा कुठं हाय ह्यात?"

"आपण कोण?"

"मी मुक्ताबाई. येरवड्याची. मला नकाशा शिकवा."

"शिकवणी मुलांना असते. आपलं वय काय?"

"नकाशाला वय लागतं व्हय?"

आतून आनंदीबाईंचा, आप्पासाहेबांच्या पत्नीचा, आवाज आला. "अहो, बसायला तरी सांगा त्यांना. आणि शिकवा म्हणतायत तर शिकवा. तुम्हाला इथून मंडईची वाट सापडत नाही, निदान त्यांना येरवड्याची ठाऊक आहे."

मुक्ताबाई बसली आणि तिने सगळे सांगितले. तार, खिंड, बर्फ, शकू, बारा वर्षे. आप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग एवढेच म्हणाले, "मंगळवारी येत जा. आणि बोट लावत जा. पाटी मुलांसाठी आहे."

आता पाहा, कशी ही उलटी लीला. गोकुळातल्या त्या माऊलीला लेकराच्या मुखात सारे ब्रह्मांड दिसले होते. ही येरवड्याची माऊली साऱ्या ब्रह्मांडात आपले लेकरू शोधायला निघाली होती.

आप्पासाहेबांनी एकदम नेफा दाखवले नाही. त्यांची शिकवण्याची रीत होती आणि ते रीत मोडणारे नव्हते. पहिल्या दिवशी जमिनीवर खडूने मुक्ताबाईलाच तिचे रान काढायला लावले. तिने विहीर काढली, आंबा काढला, नदी काढली, तुरुंगाची भिंत काढली.

"आता वरच्या बाजूला उत्तर."

"वर तर आभाळ असतंय."

"कागदावर वर म्हणजे उत्तर. हे आधी मान्य करावं लागतं. त्याशिवाय पुढं काही दिसत नाही."

"देवाचं बी तसंच हाय," मुक्ताबाई म्हणाली आणि तिने मान्य केले.

मग रानाभोवती येरवडा आला, येरवड्याभोवती शहर, शहराभोवती जिल्हा, जिल्ह्याभोवती राज्य. खाली तांबटांचे हातोडे टाळासारखे पडत, वर हा पाठ चाले. आप्पासाहेब सांगत, "मुक्ताबाई, भूगोल दोन तऱ्हेचा. एक प्राकृतिक. डोंगर, नद्या, पाऊसपाणी. दुसरा राजकीय. देश, राज्यं, त्यांच्या राजधान्या, त्यांच्या सीमा. पहिला शिकवायला सोपा. एकदा शिकवला की झालं."

"आन् दुसरा?"

"दुसऱ्याची पुस्तकं सारखी बदलावी लागतात. नेफाचंच घ्या. दोन-तीन वर्षांपूर्वी त्याचं नाव बदललं. आता अरुणाचल म्हणतात. म्हणून आपल्याला सापडलं नाही."

मुक्ताबाईने त्यावर विचार केला. "पर तिथं हरवल्यालं माणूस जुन्याच नावानं हाक मारत असंल की."

आनंदीबाई पाणी घेऊन बाहेर येत होत्या. त्या तशाच उंबऱ्याशी थांबल्या.

सीमा म्हणजे काय, हे मात्र तिला शिकवावे लागले नाही. आप्पासाहेब समजावू लागले की दोन देशांच्या मध्ये रेघ असते, ती कधी नदीवरून जाते, कधी डोंगराच्या माथ्यावरून, आणि बलवान शेजारी ती हळूहळू सरकवू पाहतो, तोच ती म्हणाली, "म्हंजी बांध कोरत्यात." आप्पासाहेब हसले. त्या खोलीत ते क्वचित हसत. "अगदी बरोबर. बांध कोरतात."

आणि ती हे जाणून होती की रेघ माणसावरून चालत जाते. तिच्या देखत येरवडा गाव होता आणि तिच्या देखत तो शहरात गेला. ती आपली चुलीपुढे होती, भाकरी थापत होती; उठली तर पुणेकरीण झालेली. तिचे रान तिथेच होते, विहीर तिथेच होती. पट्टी वसूल करणारा मात्र दुसरा आला.

शाळेचा नवा नकाशासंग्रह चिमुकला होता, अक्षरे मुंगीएवढी. मुक्ताबाईची नजर त्यावर ठरेना. म्हणून आप्पासाहेबांनी कपाटातून आपले जुने पुस्तक काढले. विद्यार्थिदशेत घेतलेले, विलायती छपाईचे, परातीएवढे. त्यात हिंदुस्थानचे पान उघडले की मांडी भरून जायची. ते जुने आहे हे ते विसरले नव्हते. दर मंगळवारी बजावत, "इथं रेघ नाही, पण आता आहे असं समजा. हा एक देश दिसतोय, त्याचे आता तीन झाले." मुक्ताबाई तसे समजायची. बोट फिरवत गंगेच्या काठाकाठाने पूर्वेला जायची, मग ब्रह्मपुत्रेला लागायची. दर खेपेला थोडे पुढे, दर खेपेला थोडे पुढे. जणू लेकाच्या मागोमाग चालली होती.

चैत्र लागला आणि एका मंगळवारी ती पोहोचली.

"हा भूतान," आप्पासाहेब म्हणाले. "त्याच्या पूर्वेच्या कोपऱ्याला लागून बघा. हे तवांग. छापलंय इथं. त्याच्या खाली, इथं कुठंतरी, सेला."

मुक्ताबाईने बोट टेकले. तिथे तपकिरी रंग होता, डोंगराचा. बोटाखाली कागद थंड लागला. ती वाकली, अजून वाकली, आणि बराच वेळ तशीच राहिली. आप्पासाहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. आईने लेकाकडे पाहताना तिऱ्हाइताने मध्ये उभे राहू नये, एवढे त्यांना कळत होते.

मग तिने शांतपणे विचारले, "आप्पासाहेब, ही लाल रेघ म्हंजी हद्द का?"

"हो," ते खिडकीतूनच म्हणाले. "लाल रेघ म्हणजे देशाची सीमा."

"आन् रेघेच्या पल्याड दुसऱ्याचं राज?"

"राजकीय भूगोल तेच सांगतो."

मुक्ताबाईने पुन्हा एकदा पाहिले. रेघ खाली होती, डोंगराच्या पायथ्याशी. तिचे बोट वर होते, रेघेच्या पलीकडे. ती उठली, पदर सावरला, आनंदीबाईंना येते म्हणाली आणि जिना उतरली. त्या दिवशी ती जिना उतरली तशी कधी उतरली नव्हती.

घरी येऊन तिने शकूला हाताला धरून आंब्याखाली नेले.

"शके, आपलं खोंड शेजाऱ्याच्या रानात शिरलं तर शेजारी काय करतो?"

"कोंडवाड्यात घालतो," शकू म्हणाली.

"मारतो का?"

"न्हाई. मारील कसा? धनी येऊन सोडवून नेस्तवर तिथंच ऱ्हातं."

"आन् धनी गेलाच न्हाई तर?"

शकू तिच्याकडे पाहत राहिली.

"आगं, तो रेघेच्या पल्याड हाय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. जे आपल्या हद्दीत घावले ते सोडले. ह्यो त्यांच्या रानात घावला. त्यांनी कोंडून ठिवलाय, आन् आपल्यातलं कुणी सोडवायला गेलंच न्हाई. जाणार कसं? कुणाला ठावंच न्हाई त्यो कुठल्या बाजूला हाय ते."

किती भोळा हा हिशेब, आणि किती सरळ! साऱ्या जन्मात तिने एकच हद्द पाहिली होती, बांधाची; एकच न्याय पाहिला होता, कोंडवाड्याचा. त्या न्यायाने लेक जिवंत ठरत होता. मग आई दुसरा न्याय कशाला शोधील?

"आत्याबाई," शकू हळूच म्हणाली, "खरंच?"

"लाल रेघ हाय, शके. छापल्याली."

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई तिला कसब्यात कासाराकडे घेऊन गेली. शकूच्या हातात वर्षानुवर्षे त्याच दोन-चार फिकट बांगड्या होत्या. पिचल्या, तर नव्या भराव्यात की नाही हा प्रश्न, म्हणून ती त्यांना जपत होती. कासाराने मनगट दाबून हिरव्या चुड्याने दोन्ही हात भरले. येताना शकू हात पदराखाली झाकून चालत होती. मध्येच हात बाहेर काढी, पाही, पुन्हा झाकी. तिला हसू येत होते आणि त्या हसण्याची तिला लाज वाटत होती.

वैशाखात भावकी जमली. विधीचा दिवस ठरवायला. मुक्ताबाई सर्वांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझा लेक जिता हाय. इधी व्हणार न्हाई. सरकारकडं अर्ज करा, त्याला सोडवून आणा."

भावकी एकमेकांकडे पाहू लागली. मग सर्जेराव उठला. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरे झाले असते. "वैनी, कुणी सांगितलं तुमाला?"

"भूगोलानं."

सर्जेराव दुसऱ्या दिवशी कसब्यात गेला. तिथे काय बोलणे झाले ते मुक्ताबाईला मागाहून कळले. पायरीवरूनच तो म्हणाला होता, "मास्तर, आमच्या वैनीला काय शिकवलंत? गेलेल्या माणसाला जिता केलात. आता दुसऱ्यांदा कोण मारणार त्याला? मी?"

आणि त्याच आठवड्यात, ऊन तापायच्या आधी, आप्पासाहेब येरवड्याला आले. पूल ओलांडून, दोनदा वाट चुकून, काखेत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली दोन पुस्तके. शकूने घोंगडी अंथरली, गुळपाणी दिले. तिच्या हातांतला चुडा किणकिणला. आप्पासाहेबांनी तो पाहिला आणि हातातला पेला तसाच खाली ठेवला.

"मुक्ताबाई, बसा. शकू, तूही बस, बाळ. आजचा पाठ दोघींना आहे."

त्यांनी जुने पुस्तक उघडले, तवांगवर बोट ठेवले. मग नवे, चिमुकले उघडले, तवांगवर बोट ठेवले. दोन्ही शेजारी सरकवली.

"बघा."

मुक्ताबाई पाहू लागली. एकात रेघ बोटाच्या खाली होती. दुसऱ्यात रेघ बोटाच्या वर होती. तिने डोळे चोळले. पुन्हा पाहिले. आंब्यावर कावळा ओरडत होता, त्याला कुणी हाकलले नाही.

"चूक माझी आहे," आप्पासाहेब म्हणाले. शाळेत खणखणीत चालणारा तो आवाज आज घोंगडीवरच पडत होता. "जुनं पुस्तक छापलं तेव्हा ही सीमा डोंगराच्या पायथ्याशी दाखवायचे. माथ्यावरची रेघ ठरली होती आधीच, पण पुस्तकात उतरली उशिरा. मला हे माहीत होतं. इतकं माहीत होतं, की मला त्या पानावरची रेघ दिसेनाशीच झाली होती. आपण विचारलंत, आणि मी खिडकीतून उत्तर दिलं. वळून पाहिलं नाही."

"रेघ हालली?"

"कागदावर हालली. जमीन होती तिथंच आहे."

"आन् माझा गेनू?"

"तोही होता तिथंच. रेघेच्या अलीकडे. आपल्या देशात."

मुक्ताबाईने दोन्ही पुस्तकांवर हात ठेवले, जसे कुणी दोन भांडणाऱ्या पोरांच्या डोक्यावर ठेवावेत. तिच्या मनात एकेक दार मिटत गेले. लढाई थांबल्यावर शत्रू माघारी गेला होता, हे त्या सातारच्या जवानाने सांगितले होते. मग तो मुलूख आपलाच. आपल्याच मुलखात लेक जिवंत असता तर? चालत आला असता. भीक मागत आला असता. रांगत आला असता. बारा वर्षांत घर सापडले नसते, असा तो नव्हता.

"म्हंजी कोंडवाडा न्हाई," ती म्हणाली.

"नाही."

"आपल्याच रानात पडला."

"होय."

"मग आपल्या रानात पडल्यालं माणूस आपल्याला कसं घावलं न्हाई, आप्पासाहेब?"

आयुष्यभर ज्या माणसाने मुलांच्या प्रश्नाला उत्तर नाही असे कधी म्हटले नव्हते, त्या माणसाने चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाला, "ते भूगोलात नाही, मुक्ताबाई."

शकू उठली. कुणाकडे न पाहता गोठ्याकडे गेली. तिथून चुड्याचा आवाज आला नाही. हात हालतच नव्हते तिचे.

संध्याकाळी मुक्ताबाई सर्जेरावाच्या ओट्यावर गेली. "भावजी, पळसाची पानं आणा," एवढेच म्हणाली, आणि परत आली.

ज्येष्ठ लागायच्या आधी नदीकाठी विधी झाला. बायकांनी नदीवर येऊ नये असे एक वडीलधारे म्हणाले. मुक्ताबाई शकूला घेऊन त्यांच्या शेजारून पुढे गेली. गुरुजींनी दर्भ अंथरला. त्यावर पळसाची पाने मांडली. पायांची, पोटाची, छातीची, हातांची. शिराच्या जागी नारळ ठेवला. पाहता पाहता तिथे एक माणूस निजला. उंचीला गेनबापेक्षा कमी होता. मुक्ताबाई म्हणाली, "जरा लांबवा. माझा लेक उंच हाय." गुरुजींनी काही न विचारता पायांशी आणखी पाने लावली.

सर्जेराव अग्नी देणार होता. तो पाण्यातून ओलेता आला, आणि गुरुजी संकल्प सांगू लागले. नाव, गोत्र, आणि मग मराठीत उलगडून म्हणाले, देशांतरी मृत झालेल्या या गेनबाला.

"थांबा, म्हाराज."

गुरुजी थांबले.

"देशांतर न्हाई. आपल्या देशात मेला त्यो."

गुरुजी वृद्ध होते, मायेचे होते. त्यांनी समजावले, "बाई, शास्त्रात देशांतराचा अर्थ वेगळा आहे. मध्ये मोठी नदी आली, डोंगर आला, भाषा बदलली, की ते देशांतर."

"नद्या बी मधी हायत. डोंगर बी हाय. बोली बी येगळी असंल," मुक्ताबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, कापलाही नव्हता. "मी समद्या बोटानं ओलांडल्यात. पर लाल रेघ त्यानं ओलांडली न्हाई. ती त्याच्या म्होरं होती आन् त्यो तिच्या अलीकडं हुबा होता. परक्या मुलखात गेला म्हणून त्याला अग्नी देऊ नका. त्यो आपल्या बांधावर पडलाय."

आप्पासाहेब गर्दीच्या कडेला, धोतराचा सोगा हातात धरून उभे होते. गुरुजींची नजर त्यांच्याकडे गेली. त्यांनी मान हालवली. गुरुजींनी पळीतले पाणी सोडले, पुन्हा आचमन केले आणि संकल्प पहिल्यापासून सांगितला. या वेळी म्हणाले, स्वदेशी, रणात, मृत झालेल्या या गेनबाला.

"आता बराबर," मुक्ताबाई म्हणाली.

अग्नी देण्याआधी एक काम उरले होते. भावकीतल्या दोन विधवा चुडा फोडायला दगड घेऊन पुढे आल्या. शकूने हात मागे घेतले नाहीत, पुढेही केले नाहीत. "आत्याबाई," ती म्हणाली, "तुमीच भरायला नेलं होतं. तुमीच उतरवा."

मुक्ताबाईने दगड बाजूला सारला. तिने शकूचे मनगट मांडीवर घेतले, नदीचे पाणी लावले आणि हिरवा चुडा एकेक करून उतरवला, न फोडता. कासाराने बसवताना जेवढे दुखले असेल, त्याहून उतरवताना दुखू नये म्हणून हात दाबत, बोटे मिटवत, हळूहळू. काम संपेपर्यंत कुणी मंत्र म्हटला नाही, कुणी रडले नाही. पांडुरंगा, तुझ्या कमरेवरचे हात त्या वेळी कसे स्थिर राहिले असतील ते तूच जाणे.

मग पाने पेटली. कोरडी होती, भराभर पेटली. पायांकडची, मागाहून लावलेली, शेवटी गेली.

अग्नी दिल्यावर मागे वळून पाहायचे नसते. मंडळी काठ चढू लागली. सर्जेराव पुढे, बाकीचे मागे, सगळ्यांची तोंडे गावाकडे. मुक्ताबाईच्या हातात शकूचे उघडे मनगट होते. आषाढ सरला की शकूचा भाऊ तिला न्यायला येणार होता, दुसरे घर पाहिले होते. हे दोघींना ठाऊक होते. त्यामुळे दोघीही हात सोडत नव्हत्या.

आप्पासाहेब शेजारून चालत होते. ते भावकीतले नव्हते.

"आप्पासाहेब," मुक्ताबाई म्हणाली, "आमाला मागं बघाया न्हाई. तुमी बघा. धूर कुठल्या अंगाला चाललाय?"

या खेपेला आप्पासाहेब पूर्ण वळले. चष्मा काढून पुसला, घातला आणि नीट पाहिले. वारा पश्चिमेचा होता, त्या दिवसांत असतो तसा.

"पूर्वेला," ते म्हणाले. "जरा उत्तरेकडे झुकून. तवांगच्या अंगाला."

"नक्की?"

"नक्की. वळून बघून सांगतोय."

मुक्ताबाईने मान हालवली आणि शकूला घेऊन ती चढ चढू लागली.